न दिसणारी थकबाकी

आमच्या शाखेतले हेडकॅशियर १९९९ च्या श्रावणात गेले. वय जेमतेम पंचावन्न. माळकरी माणूस. चहाखेरीज कुठले व्यसन नाही आणि चहाही दिवसातून दोनदा, तोही बिनसाखरेचा. शेवटच्या वर्षात पोट फुगले, पाय सुजले, डोळे पिवळे झाले. पुण्याला नेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, यकृत सुकत आले आहे. सिरॉसिस. ही बातमी सोलापुरात येऊन पोहोचायच्या आत तिचा अर्थ लावून झाला होता. स्टाफरूममध्ये कोणीतरी हळूच म्हणाले, "दारूशिवाय लिव्हर जातं होय? आतून चालू असणार बघा." प्रेतयात्रेत माझ्या मागून चालणाऱ्या दोघांचे बोलणेही याच वळणाचे होते. तीस वर्षे लाखोंच्या नोटा मोजून ज्याचा एक रुपया कमी पडला नाही, त्या माणसाच्या नावावर मेल्यानंतर दारूचा बोजा चढला.

खरे कारण त्यांच्या पत्नीला ठाऊक होते. पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले होते: हिपॅटायटिस सी. १९८२ साली होटगी रस्त्यावर त्यांच्या स्कूटरला ट्रकने उडवले होते, तेव्हा तीन बाटल्या रक्त चढवले होते. त्या तीनपैकी एखाद्या बाटलीतून हा पाहुणा आला असावा आणि सतरा वर्षे बिनबोभाट राहिला असावा, असा डॉक्टरांचा कयास. वहिनींनी हे दोन-चार जणांना सांगून पाहिले. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. पटले कोणालाच नाही.

हे सगळे आज उकरून काढायचे कारण माझी थोरली बहीण. २०१९ साली आक्काच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. आदल्या दिवशी रक्त तपासले आणि संध्याकाळी रिपोर्टवर एका ओळीपुढे 'रिअॅक्टिव्ह' असा शिक्का आला. ऑपरेशन पुढे ढकलले. घरात एकदम सुतकासारखी शांतता पसरली. आक्काने तीन दिवस भाकरी थापली नाही. सुनेने काही म्हटले नव्हते, तिने स्वतःच आपले ताट, तांब्या वेगळा काढला. ज्या बाईच्या हातची शेंगदाण्याची चटणी न्यायला पुण्या-मुंबईचे भाचे डबे घेऊन येतात, ती खलबत्त्याला हात लावीना. हा रोग जेवणातून, पाण्यातून, एका ताटात बसण्याने होत नाही, तो रक्ताने रक्ताला लागतो, हे तिला समजावून सांगता सांगता मला चार दिवस लागले. मग आठवणी चाळताना १९८६ सालचे तिचे पिशवीचे ऑपरेशन निघाले. तेव्हाही दोन बाटल्या रक्त.

इथे थोडे मागे जायला हवे, कारण कावीळ म्हटले की आपल्याकडे सगळे एकाच दावणीला बांधले जाते. उन्हाळ्यात गटाराचे पाणी नळात शिरते आणि घरोघर डोळे पिवळे होतात, ती कावीळ निराळी. ती 'ए' किंवा 'ई'. आपल्यासारखेच यंत्रमागांचे गाव असलेल्या इचलकरंजीत २०१२ साली 'ई'ची मोठी साथ आली होती. ती पाण्यातून येते, बहुतेकांना महिन्या-दोन महिन्यांत सोडून जाते. गळ्यात काविळीची माळ घाला, हाताला चुना चोळून पिवळे पाणी काढा, असले उपाय करणाऱ्यांची दुकाने चालतात ती या आपोआप बऱ्या होणाऱ्या काविळीच्या जोरावर. 'बी' आणि 'सी' यांची जात वेगळी. ती रक्तातून येतात. 'बी'ला लस आहे. 'सी'ला आजही लस नाही.

या 'सी'चे नामकरणही फार उशिरा झाले. रक्त चढवल्यानंतर काही रोग्यांना कावीळ होते, ती 'ए'ही नाही आणि 'बी'ही नाही, एवढेच सत्तरच्या दशकात ठाऊक होते. म्हणून तिचे नावच 'ना-ए-ना-बी' असे पडले होते. १९८९ साली विषाणू सापडला, आणि त्या कामाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल मिळाले. म्हणजे आमच्या हेडकॅशियरांना बाटल्या चढवल्या तेव्हा जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला त्यात काय आहे हे तपासता आले नसते. त्याबद्दल कोणाला दोष देऊन उपयोग नाही. पण चाचणी निघाल्यानंतरही आपल्याकडे प्रत्येक पिशवीची 'सी'साठी तपासणी सक्तीची व्हायला २००१-०२ उजाडले. मधल्या दशकात इस्पितळांच्या फाटकाशी पैशासाठी रक्त देणारी माणसे उभी असत, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने हे धंदेवाईक रक्तदान १९९८ पासून बंद झाले.

आणि रक्ताची बाटली हा एकच दरवाजा नव्हता. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळातले आमचे सोलापूर आठवा. पेठेतल्या डॉक्टरांकडे सकाळी रांग. गिरणीत जायची घाई, विडी कारखान्यात माल द्यायची घाई. "गोळ्या नकोत डॉक्टर, सुई द्या की ओ," हा आग्रह रोग्याचाच. सुई टोचली नाही तर दोन रुपये फुकट गेले, अशी समजूत. कोपऱ्यात स्टोव्हवर पातेले, त्यात काचेच्या दोन-तीन पिचकाऱ्या उकळताहेत, आणि गर्दी वाढली की कंपाउंडर पाणी उकळी येण्याची वाट बघत नाही. मी स्वतः अशा कैक सुया घेतल्या आहेत. पुढे प्लास्टिकच्या सिरिंजा आल्या तरी सवय गेली नाही. २००४ च्या सुमारास देशभर पाहणी झाली, तिच्यात आपल्याकडची ६० टक्क्यांहून अधिक इंजेक्शने असुरक्षित ठरली. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजांमुळे 'बी'ची साथ येऊन माणसे मेली. जत्रेत बॅटरीच्या मशीनने एकाच सुईने शंभर हातांवर नावे गोंदवली जातात, तोही एक दरवाजाच.

आता मुख्य मुद्दा. मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज खात्यात आणि तपासणी विभागात. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री. त्यामुळे आक्काचे निदान झाले तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो तपासनिसाचा होता: हे असे किती असतील? आणि सगळ्यांची खाती उघडून बघायला काय खर्च येईल?

बँकेतल्या लोकांना १९९२ आठवते. नरसिंहम समितीच्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने नवे निकष लावले. तोवर मेलेल्या कर्जावरचे व्याजसुद्धा आम्ही उत्पन्न म्हणून लिहीत होतो. ताळेबंद कसे गुटगुटीत दिसायचे! निकष लागले, आणि एका वर्षात कितीतरी शाखांच्या अंगावरचे मांस उतरले. कर्जे त्या वर्षी बुडाली नव्हती. ती आधीच बुडालेली होती. आम्ही पाहिले एवढेच. 'सी'चे तसेच आहे. शंभर जणांना लागण झाली तर तीसएक जणांचे शरीर ती आपोआप झटकून टाकते. सत्तर जणांत ती मुक्काम करते. त्या सत्तरांपैकी पंधरा ते तीस टक्क्यांना वीस वर्षांत सिरॉसिस गाठते. बाकीच्यांना कधी काही होतही नाही. आणि वीस वर्षे यातल्या कोणालाही दुखत नाही, खुपत नाही.

उपचार नव्हते तोवर शोधण्यात फारसा अर्थही नव्हता. हेडकॅशियरांच्या काळात इंटरफेरॉनची इंजेक्शने होती. सहा महिने, वर्षभर घ्यायची, ताप, अशक्तपणा सोसायचा, खर्च लाखांत, आणि रिबाव्हिरिनची जोड देऊनही गुण येई तो निम्म्याअधिकांना नाहीच. त्यांचे यकृत तर तेही सोसण्यापलीकडे गेले होते. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोस्बुव्हिर आले आणि चित्र पालटले. बारा आठवडे गोळ्या, शंभरातले पंचाण्णव बरे. किंमत तिथे ८४ हजार डॉलर; एक गोळी हजार डॉलरची. २०१४ च्या सप्टेंबरात मूळ कंपनीने भारतीय औषध कंपन्यांना ती बनवण्याचे परवाने दिले आणि २०१५ पासून आपल्याकडे ती काही हजारांत मिळू लागली. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषध दोन्ही सरकारी केंद्रात मोफत आहेत. आक्काला औषध तिथूनच मिळाले.

औषधाचा हिशेब फार सोपा आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतले डॉ. राकेश अगरवाल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली तो मांडला. भारतीय बनावटीच्या औषधाने उपचार केला तर रोग्याचे आयुष्य सरासरी आठ वर्षांनी वाढते, आणि दहा वर्षांच्या आत औषधाचा सगळा खर्च वसूल होऊन वर पैसे वाचतात, कारण पुढचा सिरॉसिस, पोटातले पाणी, रक्ताच्या उलट्या, कर्करोग आणि वीस-पंचवीस लाखांचे यकृत प्रत्यारोपण टळते. कर्ज मंजूर करणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याने डोळे झाकून सही करावी असा हा प्रस्ताव आहे.

पण हा झाला सापडलेल्या रोग्याचा हिशेब. न सापडलेल्याचा अगदी वेगळा आहे, आणि वर्तमानपत्रांतून, भाषणांतून या दोन्हींची हमखास गल्लत होते. 'औषध स्वस्त आहे, म्हणून सगळ्यांना तपासा', हे वाक्य कानाला गोड लागते. मी पेन्सिल घेऊन बसलो. पुढचे दर मी माझ्या वहीत हिशेबापुरते धरलेले आहेत, सरकारी दरपत्रकातले नव्हेत.

देशाच्या पाहणीत 'सी'च्या खुणा रक्तात आढळण्याचे प्रमाण ०.३२ टक्के निघाले. तेच धरून एक लाख माणसे तपासली असे समजा. बोटाला टोचून करायच्या पहिल्या चाचणीचा खर्च, माणसाच्या पगारासकट, पन्नास रुपये. झाले पन्नास लाख. या लाखात खरोखर खुणा असलेले ३२०. चाचणी चांगली, शंभर निरोग्यांपैकी नव्व्याण्णवांना निरोगी म्हणणारी. ऐकायला केवढी भरवशाची वाटते! पण निरोगी माणसे जवळजवळ लाख आहेत. त्यांच्या एक टक्क्याला ती चुकून रोगी म्हणणार, म्हणजे ९९७ जणांना. एकूण 'रिअॅक्टिव्ह' १३१७, त्यातले चारातले तीन खोटे. हजारभर घरांत आक्काच्या घरासारखी शांतता, ताटे वेगळी, आणि कारण काही नाही. मग या १३१७ जणांची दुसरी, विषाणू खरोखर आहे का हे पाहणारी आरएनए चाचणी. हजार रुपये धरले तर आणखी तेरा लाख. हाती लागले किती? ३२० पैकी ज्यांच्यात विषाणू अजून मुक्कामाला आहे असे सुमारे २२४. एक रोगी शोधायला अठ्ठावीस हजार रुपये पडले. औषधाचा खर्च अजून पुढेच आहे.

आता तीच पेन्सिल दुसऱ्या पानावर. दहा हजार माणसे घ्या, पण निवडून: डायलिसिसवर असलेले, वारंवार रक्त घ्यावे लागणारी थॅलेसेमियाची मुले, २००२ च्या आधी रक्त चढवलेले, शिरेतून नशा करणारे. अशांत शंभरी पाच जण धरले तर पहिल्या चाचणीला पाच लाख, दुसरीला सहा लाखांच्या आत, आणि सापडले साडेतीनशे. माणशी तीन हजार एकशे रुपये. रोग तोच, चाचणी तीच, औषध तेच, आणि शोधण्याचा खर्च नवव्या हिश्शाने! कर्ज तपासणीत आम्ही हेच करत होतो. हजार रुपयांच्या बचत खात्यांची पाने कोणी उलटत बसत नसे. धोका कुठे आहे ते आधी ठरवायचे, तिथे पूर्ण तपासणी, बाकीच्यांची चाळणी.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही साधारण असाच आहे. लोकसंख्येत दोन किंवा पाच टक्क्यांहून अधिक लोकांत खुणा असतील तिथे सरसकट तपासणी करा. इजिप्तने ते करून दाखवले. तिथे पन्नासच्या दशकापासून ऐंशीपर्यंत गोगलगायींतून येणाऱ्या कृमीरोगावर सरकारी मोहिमेत काचेच्या पिचकाऱ्यांनी इंजेक्शने टोचली गेली आणि एका रोगाच्या निर्मूलनाने दुसरा घरोघर पोचवला. २०१८-१९ मध्ये अवघ्या सात महिन्यांत त्यांनी जवळपास पाच कोटी माणसे तपासली. एक रोगी शोधून बरा करायला सरासरी १३० डॉलरच्या आसपास खर्च आला. पण तिथे तपासलेल्या शंभरांत चार-पाच जण निघत होते. आपल्याकडे पंजाबात प्रमाण तीन-साडेतीन टक्क्यांवर होते, म्हणून त्या राज्याने २०१६ पासूनच मोफत उपचार सुरू केले. इजिप्तचे किंवा पंजाबचे सदरे आपल्या अंगावर बेतलेले नाहीत. सोलापूर जिल्ह्यात तीस लाख प्रौढ धरा, नुसत्या पहिल्या टोचणीला पंधरा कोटी लागतील, आणि त्याच पंधरा कोटींवर क्षयरोग, रक्तदाब आणि साखर यांचाही हक्क आहे. यंत्रमागावर उभा राहणारा माणूस 'सी'ने मरण्याच्या कितीतरी आधी यांतल्या एखाद्याने मरतो.

मग हेडकॅशियरांसारख्यांचे काय, असे कोणी विचारील. त्यांना कुठल्या यादीत शोधायचे? तो प्रश्न मलाही छळतो. अर्थशास्त्रज्ञ इथे आणखी एक गोष्ट करतात, ती मला बँकेमुळे लगेच समजली आणि माणूस म्हणून अजून पचलेली नाही. आजचा रुपया आणि वीस वर्षांनंतरचा रुपया सारखा नसतो, म्हणून पुढचे पैसे आजच्या भावाने कापून धरायचे. आरोग्याच्या हिशेबात पुढची आयुष्याची वर्षेही तशीच कापतात. आपल्याकडे त्यासाठी तीन टक्के दर वापरतात. त्या दराने वीस वर्षांनंतर वाचणारा एक रुपया आज पंचावन्न पैशांचा. मी सहज बारा टक्के, आमच्या जुन्या कर्जाच्या दराने, करून पाहिले. दहा पैसे. म्हणजे आज पस्तिशीत असलेल्या आणि पंचावन्नाव्या वर्षी वाचणार असलेल्या एखाद्या माणसाचे ते वर्ष टक्का किती धरला यावर निम्म्याने किंवा दशांशाने मोजले जाते. हिशेब चुकीचा नाही. हिशेबाशिवाय सरकार चालणारही नाही. पण टक्का कोण ठरवतो, हे विचारायची सवय मात्र आपण ठेवावी. बँकेत आम्ही ती ठेवली नव्हती.

माझे मत विचाराल तर सरसकट तपासणीच्या घोषणेपेक्षा एक वेगळीच गोष्ट आधी व्हायला हवी. ही तपासणी लाखो लोकांची आजही होतेच आहे, आणि तिचा खर्च आधीच झालेला आहे. रक्तदानाची प्रत्येक पिशवी पाच रोगांसाठी तपासली जाते: एचआयव्ही, 'बी', 'सी', गुप्तरोग, हिवताप. महाराष्ट्र रक्तसंकलनात देशात आघाडीवर. आमच्या सोलापुरात तर पुढाऱ्याचा वाढदिवस असो, शिवजयंती असो, आंबेडकर जयंती असो, गणपतीचे मंडळ असो, शिबिराशिवाय मांडवच उभा राहत नाही. निरोगी, तरुण, धडधाकट माणसांची ही दरवर्षी होणारी चाचणी आहे. दूषित पिशवी फेकून दिली जाते. पिशवी देणाऱ्याचे काय होते? नियमाने त्याला बोलावून समजावून सांगायचे असते, पण शिबिरातला फॉर्म आठवा: पत्ता अर्धा, फोन नंबर भावाचा, सही गचाळ. फोन लागला तरी पलीकडून कोण बोलतो, त्याला काय सांगायचे, किती सांगायचे, हा प्रश्न उरतोच. मोतीबिंदू, हर्निया, बाळंतपण, हाड मोडणे, प्रत्येक ऑपरेशनआधी खासगी दवाखान्यांतही हीच चाचणी होते. पैसे रोगी भरतो. रिअॅक्टिव्ह निघाले की कित्येकदा एवढेच घडते की ऑपरेशन दिवसाच्या शेवटी घेतले जाते, हातमोजे दोन चढवले जातात, बिलात थोडी भर पडते आणि माणूस टाके काढून घरी जातो. ती चाचणी डॉक्टरांच्या रक्षणासाठी केलेली असते. रोग्याला ती ओळ काय सांगते हे सांगणारे कोणी नसते. आक्काला सुदैवाने सांगणारे भेटले. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली, बसवले आणि म्हणाल्या, "आजी, डोळा पळून जात नाही. आधी हे बघून घेऊ."

सापडलेला माणूस वाटेत हरवणे, हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत महागडा खर्च आहे. माझ्या वहीतल्या त्या लाख माणसांकडे परत जातो. पहिल्या चाचणीनंतर निम्मेच दुसरीला गेले आणि त्यातल्या निम्म्यांनीच औषध सुरू केले, असे धरा. मग औषधापर्यंत पोहोचलेल्या एका माणसामागे शोधण्याचा खर्च अठ्ठावीस हजारांवरून लाखावर जातो. चाचणीची किंमत एक पैसाही वाढलेली नसते. म्हणून तज्ज्ञ म्हणतात, दुसरी चाचणी पहिल्याच रक्तातून त्याच दिवशी करून टाका, रोग्याला दुसऱ्यांदा बोलावूच नका. यंत्रांची वानवा तेवढी नाही. क्षयरोगासाठी आलेली आणि २०२० च्या करोनात गावोगाव पोचलेली जीनएक्स्पर्ट, ट्रूनॅट ही यंत्रे आहेत, त्यातले ट्रूनॅट तर गोव्याच्या मोलबायो कंपनीचे. त्याच यंत्रात दुसरी चिप घातली की 'सी'चा विषाणू मोजता येतो. पण यंत्र क्षय विभागाचे, चिप हिपॅटायटिस कार्यक्रमाची, आणि माणूस तिसऱ्याच योजनेच्या पगारावर. ज्याने सरकारी बँकेत एका शाखेतून दुसऱ्या शाखेत टेबल हलवून घेतले आहे त्याला यातली मेख सांगायला नको.

आकड्यांबद्दल एक कबुलीही दिली पाहिजे. पाहणीतल्या ०.३२ टक्क्यांनी देशात खुणा असलेले चव्वेचाळीस-पंचेचाळीस लाख येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ साली भारतात 'सी'चे रोगी ५५ लाख धरले आहेत. दोन्ही वह्या जुळत नाहीत. आमच्या काळी अशी तफावत असली तर संध्याकाळी कोणी घरी जात नसे. इथे तेवढा हट्ट धरण्यात अर्थ नाही, कारण कुठलाही आकडा घेतला तरी निवडून तपासण्याचा मार्ग स्वस्तच पडतो. अमेरिकेनेही २०१२ मध्ये आधी १९४५ ते १९६५ या काळात जन्मलेल्यांनाच एकदा तपासून घ्या म्हटले. सगळ्या प्रौढांना तपासा, असे ते २०२० मध्ये म्हणाले. आपल्याकडे जन्मसालापेक्षा रक्ताच्या बाटलीचे साल अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते. '२००२ च्या आधी तुम्हाला कधी रक्त चढवले होते का?' हा प्रश्न विचारायला सरकारला एक पैसा लागत नाही. आशाताई घरोघर जातातच. बाळंतपणे, पिशवीची ऑपरेशने, अपघात. बायकांना तर साल, महिना, वार, सगळे पाठ असते.

आक्काने बारा आठवडे गोळ्या घेतल्या. दोन दिवस डोके दुखले, बाकी काही नाही. औषध संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा विषाणू नव्हता. मग डोळा झाला. त्या संक्रांतीला तिने भाकऱ्यांची चळत लावली आणि मला म्हणाली, "खा आता, रिपोर्ट बघून खातोस की काय?" मी हेडकॅशियरांच्या घरी जाऊन वहिनींना हे सगळे सांगितले. नवराबायकोत 'सी' लागण्याचा संभव कमी असतो, तरी त्यांनी एकदा तपासून घ्यावे म्हणून गेलो होतो. त्यांनी तपासून घेतले, काही निघाले नाही. औषध फुकट मिळते हे ऐकल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्या वेळच्या लोकांना हे कोणीतरी सांगायला पाहिजे, भाऊजी. औषधाचं नाही. दारूचं."

आमच्या पेन्शनरांची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते. महागाई भत्ता, आरोग्य विम्याचा हप्ता, हेच विषय. गेल्या हिवाळ्यात मी उभा राहिलो आणि हेडकॅशियरांचे खरे दुखणे काय होते ते आधी सांगितले. प्रेतयात्रेत माझ्या मागून चालणाऱ्या दोघांपैकी एकजण समोर बसला होता. तो खाली बघत राहिला. मग मी विचारले, २००२ च्या आधी रक्त घेतलेले किती? सहा हात वर आले. त्यातले पाच जण महिनाभरात तपासून आले. चार स्वच्छ. एकाची पहिली चाचणी रिअॅक्टिव्ह निघाली, आरएनएत काही सापडले नाही, आणि मधल्या नऊ दिवसांत त्याचे तीन किलो वजन उतरले. सहावे गृहस्थ अजून गेलेले नाहीत. परवाच्या बैठकीत पुन्हा आठवण केली तर म्हणाले, "बघू की, गड्डा होऊ दे."